दर दहा मैलांना दोन पेले

हार्लन कुबेनाला खरं म्हणजे एक बाटली हवी होती. साधी, पाण्याची, सायकलच्या दांड्याला अडकवायची. मे महिन्यातल्या एका शनिवारी तो त्यासाठी लिपोव्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी दवाखान्यात जाऊन पडला. मधल्या काळात जे झालं ते त्या बाटलीपायी झालं, असं त्याची बायको डार्ला म्हणते. हार्लनच्या मते ते समितीपायी झालं. समितीच्या मते काहीच झालेलं नाही. तसं इतिवृत्तात नमूद आहे.

लिपोव्यात संत प्रोकोपची जत्रा ऑगस्टात भरते, कारण पणजोबांच्या वेळेपासून ती ऑगस्टातच भरते. पणजोबा बोहेमियाहून आले होते आणि बोहेमियात ऑगस्टात म्हणे छान हवा असते. टेक्सासात ऑगस्टात काय असतं ते पणजोबांना इथे आल्यावर कळलं, पण तोवर तारीख ठरून गेली होती. मागे एका पाद्र्यांनी जत्रा ऑक्टोबरात घ्यावी असं सुचवलं. त्यांची बदली झाली. जत्रेच्या दिवशी सकाळी शंभर मैलांची सायकल फेरी निघते. ही कल्पना ज्याला सुचली त्याने स्वतः कधी सायकल चालवली नाही, त्यामुळे तिच्यात दोष असा काही राहून गेला नव्हता.

मागची दोन वर्षं हार्लन बासष्टाव्या मैलाला आडवा झाला होता. पहिल्या वर्षी त्याला रुग्णवाहिकेतून आणलं. दुसऱ्या वर्षी रुग्णवाहिका भलतीकडे गेली होती, म्हणून सॉसेजच्या गाडीतून आणलं. ती गाडी नेमकी मंडपापुढे, जेवणाच्या रांगेसमोर उघडली. लोक ताटल्या घेऊन पुढे सरसावले आणि आतून हार्लन निघाला. काउंटीच्या नोंदणी कचेरीत बावीस वर्षं काढलेला, खरेदीखतावर एक आद्याक्षर कमी असलं तर माणसाला तीस मैल परत पाठवणारा हार्लन. त्या दिवसापासून खिडकीवर आलेले शेतकरी त्याच्याकडे थोडं निरखून बघायला लागले, आणि एकाने तर कागद परत घेताना विचारलं, "यंदा कशातून येणार?"

तर यंदा शंभर पुरे करायचेच, असं ठरवून तो बाटली घ्यायला गेला.

दुकानात खिळ्यांच्या पिंपाशेजारी बक स्टॅगनर बसले होते. शाळेच्या फुटबॉल संघाचे हे निवृत्त कोच. वय एकाहत्तर, मान बैलासारखी, आणि चाळीस वर्षांत गावातल्या प्रत्येक पुरुषाला त्यांनी एकदा तरी मैदानाभोवती पळवलेलं, त्यामुळे त्यांना बघितलं की अजूनही लोकांची पाठ आपोआप ताठ होते. सगळे त्यांना नुसतं 'कोच' म्हणतात. बहुतेक त्यांची बायकोही म्हणत असावी.

"बाटली कशाला?" कोचनी विचारलं.

"पाण्यासाठी."

"पाणी कशाला?"

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. हार्लन उत्तर जुळवत होता तोवर कोच पुढे गेले. "चाळीस वर्षं ऑगस्टच्या उन्हात पोरं पळवली मी. थेंब दिला नाही. पाणी दिलं की माणूस पाण्याचाच विचार करायला लागतो. तू बासष्टला पडलास तो पाण्यावाचून नाही, कुबेना. तू पडणाराच आहेस."

दुकानात तेव्हा पाच गिऱ्हाईकं होती. पाचही जणांना एकदम खिळे निवडायचं काम लागलं.

"मीही येतोय यंदा," कोच म्हणाले. "एक बाटली घेऊन. आणि ती भरलेलीच परत आणणार आहे."

हार्लनने दोन बाटल्या घेतल्या.

एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्टही इथेच थांबली असती. पण पुढच्या रविवारी चर्चमध्ये फेरीची सभा होती आणि तिथे हार्लनने उभं राहून विचारलं, "पाण्याची काय व्यवस्था आहे?" सभेत प्रश्न विचारणाऱ्याला समितीत घेतात, हा नियम लिपोव्यातही आहे. पाच मिनिटांत जलपान समिती स्थापन झाली. अध्यक्षा इर्मगार्ड पोक्लाद्निक, सचिव हार्लन कुबेना. इर्मगार्डबाई साठीच्या, वेदीवरच्या फुलांपासून ते शवपेटीच्या रंगापर्यंत सगळ्या समित्यांच्या अध्यक्षा. मृत्यूचं तेवढं त्यांच्या हातात नव्हतं, पण त्यानंतरचं सगळं होतं.

सचिव झाल्याबरोबर हार्लनला सल्ले सुरू झाले. पोस्टमन म्हणाला, सकाळी उठल्या उठल्या अर्धा गॅलन पाणी प्यायचं, रस्त्यावर तहानच लागत नाही. दाताचे डॉक्टर हार्लनच्या तोंडात दोन्ही हात घालून म्हणाले की थंड पाणी आतड्याला वाईट, कोमटच प्यावं, आणि यावर तुमचं काय मत आहे. कलिंगडवाल्याचं म्हणणं कलिंगड खावं. इर्मगार्डबाईंचं म्हणणं होतं की पाणी ही नव्या पिढीची चूक आहे. खरा उपाय म्हणजे काकडीच्या लोणच्याचा खार. त्यांचे यजमान रोज एक पेला घेत. ते साठाव्या वर्षी वारले, पण पेटके म्हणून कधी आले नाहीत.

सगळ्यांच्या सल्ल्यात एक वाक्य मात्र सारखं होतं: तहान लागायच्या आत प्या. तहान लागली म्हणजे उशीर झाला.

"मग तहान असते कशाला?" डार्लाने विचारलं. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि तिला असे प्रश्न पडतात.

"तहान ही मुदतीनंतर आलेली सूचना असते," हार्लन म्हणाला. "आमच्याकडे अशी सूचना ग्राह्य धरत नाहीत."

जूनमध्ये हार्लनला कुठेतरी वाचायला मिळालं की आपला घाम आपणच मोजावा. तासभर सायकल चालवायची, आधी वजन करायचं, नंतर करायचं. जितकं घटलं तितका घाम. मात्र कपडे घामाने जड होतात, तेव्हा वजन कपड्यांवाचून करावं. न्हाणीघरातला काटा हार्लनला भरवशाचा वाटेना. त्याने धान्याच्या वखारीतून पोती तोलायचा काटा मागून आणला आणि गॅरेजमध्ये मांडला. शनिवारी सकाळी बरोबर एक तास गावाबाहेर चकरा मारून तो आला, गॅरेजचं दार लावून घेतलं, कपडे काढले, काट्यावर उभा राहिला आणि वाकून वजनं सरकवायला लागला.

गॅरेजचं दार बाहेरून, गाडीतलं बटण दाबूनही उघडतं. ते डार्लाने दाबलं. तिच्या गाडीत चर्चच्या गोधडी मंडळाच्या तीन बायका होत्या. दार सावकाश वर जाणाऱ्या जातीचं होतं. आधी काटा दिसला, मग पाय, आणि मग हळूहळू बाकीचा हार्लन.

"पोती तोलायचाच आहे ना तो?" मागच्या सीटवरून इर्मगार्डबाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच काट्याबद्दल विचारायचं होतं. त्यांची दृष्टी कामापुरतीच जाते. पण त्या प्रश्नाला नंतर गावात वेगवेगळे अर्थ मिळाले. सोमवारी कचेरीत कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणं दुपारपर्यंत चाललं. घाम किती आला ते मात्र राहूनच गेलं. वजन सरकवायचं होतं तेवढ्यात हार्लन ताडपत्रीमागे गेला होता.

जुलैत खरं संकट उभं राहिलं. रस्त्याकडेला पाण्याची नऊ टेबलं मांडायची तर परवाना लागतो. तो हार्लनच्याच कचेरीत, शेजारच्याच खिडकीत मिळतो. त्या खिडकीत ट्वायला ग्रीअर बसते. सतरा वर्षं हार्लन आणि ट्वायला एकाच टेबलावर डबा खातात, एकमेकांच्या सॅंडविचमध्ये काय आहे हे उघडायच्या आधी ओळखतात. हार्लन रांगेत उभा राहून तिच्यापुढे आला.

"आडनाव आधी लिहा," ट्वायला म्हणाली. "ओळखपत्र आहे तुमच्याकडे?"

"ट्वायला, तू ओळखतेस मला."

"डब्याच्या वेळी ओळखते. खिडकीतून ओळखता येत नाही. पाण्याचा स्रोत?"

"नळ."

"कोणाचा?"

"काउंटीचा."

"मग काउंटीचं नाहरकत पत्र लागेल."

"अगं, काउंटी म्हणजे आपणच."

"म्हणूनच लागेल. आणि हे बघा, इथे तुमचं मधलं आद्याक्षर राहिलंय. नवीन अर्ज भरून आणा."

हार्लन दुखावला गेला. मनातून त्याला तिचं कौतुकही वाटलं. अर्ज परत करताना तिने नजर वर उचलली नव्हती, ही गोष्ट त्यानेच तिला शिकवली होती. मग कळलं की रस्ता राज्याचा आहे. राज्याने कळवलं की रस्ता आमचा, पण टेबलं मांडणार ती कडेची माती तुमची. तीन आठवड्यांनी परवाना आला आणि त्यात एक अट होती: वाटप केलेल्या पिण्याच्या पाण्याची नोंद ठेवावी.

दुसरा कुणी असता तर वैतागला असता. हार्लनने त्या रात्री जेवण अर्धं टाकून पेयपत्रक तयार केलं. प्रत्येक सायकलस्वाराच्या गळ्यात एक पुठ्ठ्याचं पत्रक. दर दहा मैलांना टेबल. प्रत्येक टेबलावर स्वयंसेवकासमोर दोन पेले पूर्ण प्यायचे, की पत्रकाला भोक. शेवटी नऊ भोकं भरली तरच पदक आणि नोंदवहीत नाव. समितीने ते एकमताने मंजूर केलं. कोणीच, अगदी कोणीच विचारलं नाही की तहान नसेल तर काय. डार्लाने घरी विचारलं, पण ती समितीत नव्हती.

ऑगस्टचा दुसरा रविवार उजाडला. सकाळी सहाला हवा तव्यावरून उठल्यासारखी होती आणि दुपारी पारा एकशे चार फॅरनहाइटला जाणार होता. हार्लनच्या सायकलला एव्हाना चार बाटल्या होत्या, पाठीवर नळीची पाण्याची पिशवी होती आणि मनगटावर दर दहा मिनिटांनी वाजणारं घड्याळ. पोस्टमनच्या सल्ल्याप्रमाणे अर्धा गॅलन पाणी पोटात होतं. कोच आले ते त्यांच्या जुन्या सायकलवर, एक बाटली लावून. बाटलीचं झाकण त्यांनी चिकटपट्टीने बंद केलं होतं, म्हणजे लोकांना खात्री पटावी. डार्लाही आली. तिच्या सायकलला पुढे टोपली होती आणि टोपलीत एक बाटली आणि जर्दाळू भरलेले दोन कोलाचे, म्हणजे पणजोबांच्या देशाचे गोड पाव, रुमालात गुंडाळलेले. आपणही जाणार आहोत हे तिने घरात एक-दोनदा सांगितलं होतं, पण तो विषय पत्रिकेवर नव्हता.

पहिलं टेबल इर्मगार्डबाईंचं. दोन पेले पाणी, भोक, आणि वर प्रेमाने एक पेला लोणच्याचा खार. सचिवाने अध्यक्षांना नाही म्हणायचं नसतं. दुसरं टेबल, दोन पेले. मधे घड्याळ वाजलं की नळीतून चार घोट. सायकल थांबवली की बाटल्या डुचमळल्याचा आवाज येई. थोड्या वेळाने सायकलवरून उतरून बाजूला गेलं तरी आवाज यायला लागला.

तेविसाव्या मैलापासून आणखी एक प्रश्न पुढे आला. त्या बाजूला कपाशी असते, गुडघाभर. झाड नाही, झुडूप नाही, भिंत नाही; आणि रस्त्यावरून दर मिनिटाला जत्रेला निघालेली गाडी जाते, आतले सगळे हात हलवतात. हार्लनला शेवटी एका शेतघराचं दार वाजवावं लागलं. घरातल्या बाईंनी आदराने आत घेतलं, न्हाणीघर दाखवलं आणि तो बाहेर आला तेव्हा हातात बर्फ घातलेल्या चहाचा भला मोठा पेला दिला. "किती घाम आलाय तुम्हाला. प्या बघू." हार्लन प्यायला. पाच मैलांनी दुसरं घर, तिथे लिंबू सरबत. एक उतरवायला जावं आणि दोन चढवून यावं, असा तो व्यवहार साठाव्या मैलापर्यंत चालला.

बासष्टावा मैल त्याने सायकलवरून पार केला. तो क्षण बघायला कोणीतरी असायला हवं होतं. तारेपलीकडे एक गाय होती. हार्लनने तिला हात केला.

त्यानंतर मात्र काहीतरी बिघडत गेलं. घरं लागत होती तरी दार वाजवायची गरज वाटेना. डोकं जड झालं, मळमळायला लागलं, बोटं सुजली. लग्नातली अंगठी बोटात अशी रुतली की जणू लग्न आत्ताच लागलं होतं. सत्तराव्या मैलाच्या टेबलावर त्याने स्वयंसेवकाला सांगितलं, "मला ठीक वाटत नाहीये."

"दिसतंयच," तो म्हणाला. "पाणी कमी पडलंय तुम्हाला. दोन नको, चार घ्या."

नियम हार्लनचाच होता. तो चार प्यायला. चौऱ्याहत्तराव्या मैलाला सगळं उलटून पडलं. मोटारसायकलवरून गस्त घालणारा एक सज्जन लगेच थांबला. "उलटी झाली? पाणी कमी पडलं," असं म्हणून त्याने स्वतःची बाटली हार्लनच्या तोंडाला लावली आणि ती रिकामी झाल्यावरच गेला. त्या दिवशी त्या रस्त्यावर एकच रोग होता आणि सगळ्यांना त्याचं औषध ठाऊक होतं.

अठ्ठ्याहत्तराव्या मैलाला पिकानचं एक एकटं झाड आहे. त्याच्या सावलीत कोच बसले होते. ओठ पांढरे, कातडी कोरडी, टोपी उलटी. बाटली मांडीवर, पट्टी शाबूत. हार्लन सायकलवरून उतरला, म्हणजे सायकल एकीकडे पडली आणि तो दुसरीकडे.

"कुबेना," कोच म्हणाले, "उशीर केलास. शेवटचा डाव चाललाय. मैदानात जा."

हार्लनला समोर खिडकी दिसत होती आणि खिडकीपलीकडे एक म्हातारा अर्जदार. "आधी सही," तो म्हणाला.

"बॉल दे आणि पळ."

"मधलं आद्याक्षर राहिलंय तुमचं. आणि पत्रक कुठाय? एकही भोक नाही याला. असं कसं चालेल?"

"दोन गुणांनी मागे आहोत आपण."

"मग नवीन अर्ज भरा."

हे संभाषण किती वेळ चाललं असतं सांगता येत नाही, कारण दोघांनाही ते नीट चाललंय असं वाटत होतं. डार्ला तिच्या बेताबेताच्या वेगाने मागून आली तेव्हा हार्लन झाडाच्या बुंध्याकडून सही मागत होता आणि कोच त्याला डावपेच समजावत होते. तिने सायकल टेकवली, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हार्लनच्या पाठीवरची पाण्याची पिशवी आधी काढून घेतली. मग फोन केला. कोचची बाटली उघडून तिने त्यांच्या ओठांना लावायचा प्रयत्न केला. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि मान फिरवली. ते पाहून इतका वेळ न घाबरलेली डार्ला घाबरली. रुग्णवाहिका येईपर्यंत ती हार्लनचा सुजलेला हात हातात धरून बसली. कोचच्या डोक्यावर तिने त्यांच्याच बाटलीतलं पाणी थोडं थोडं ओतलं. तेवढं त्यांनी चालवून घेतलं.

लिपोव्याचा दवाखाना म्हणजे दोन खाटा, मधे एक पडदा आणि परिचारिका ओफेलिया त्रेविन्यो. ओफेलिया बारीक चणीची, पण तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा हळू बोलतात. तिने हार्लनचं रक्त काढलं, वजन केलं, कपड्यांसकट, आणि फेरीच्या नोंदणी अर्जावर त्याने स्वतः लिहिलेलं वजन पाहिलं.

"बारा वर्षं उन्हाने आडवे झालेले लोक बघतेय," ती म्हणाली. "सायकल चालवून वजन वाढलेला माणूस पहिल्यांदा बघितला. सहा पौंड वाढलंय. किती पाणी प्यायलात?"

हार्लनने आठवतं तेवढं सांगितलं. चहा आणि सरबत त्याने वेगळं सांगितलं.

"मीठ धुऊन काढलंत अंगातलं. अजून दहा मैल गेला असतात तर फिट आली असती. माणसं मरतात यात, कळलं का? तहान लागली होती एकदा तरी?"

हार्लनने प्रामाणिकपणे विचार केला. "आठवत नाही."

"आता लागेल. कारण संध्याकाळपर्यंत थेंब मिळणार नाही." तिने त्याला दोन घोटांत संपेल असा खारट गरम रस्सा दिला आणि पडदा सरकवला. पलीकडे कोचच्या हाताला सलाईन लावलेली होती. "आणि तुम्ही. नुसत्या सलाईनने भागणार नाही. सहापर्यंत तोंडाने पाणी गेलं नाही तर मी हेलिकॉप्टर बोलावून मोठ्या इस्पितळात पाठवणार. मूत्रपिंडं एकाहत्तर वर्षांची आहेत तुमची, हट्ट सात वर्षांच्या पोराचा." तिने मधल्या टेबलावर पाण्याचा जग ठेवला आणि दोघांकडे बोट दाखवलं. "याने प्यायचं. त्याने नाही. अदलाबदल करू नका."

चारच्या सुमाराला डार्ला आली. तोंड उन्हाने लाल, केसात गवताची काडी. तिने हार्लनच्या कपाळाला हात लावला, बोटातली अंगठी फिरते का पाहिलं आणि खुर्चीत टेकली.

"इतका वेळ कुठे होतीस?" हार्लनने विचारलं. सूर थोडा दुखावलेला होता.

"ओफेलियाशी फोनवर बोलले. तू वाचलास म्हणाली, आणि झोपलायस म्हणाली. मग बावीस मैल राहिले होते, ते केले."

"शंभर?"

"शंभर. काही विशेष नाही रे. तहान लागली की प्यायचे."

तिच्यामागोमाग इर्मगार्डबाई आल्या, हातात नोंदवही. प्रकृतीची चौकशी त्यांनी दारातच उरकली. "एक अडचण आहे, कुबेना. तुमच्या मंडळींनी शंभर मैल पूर्ण केलेत, पण पत्रकाला भोकं तीनच. नियमाप्रमाणे नाव नोंदवता येत नाही. नाकारल्याची सही सचिवाची लागते."

डार्ला खिडकीबाहेर बघत होती. तिला पदकाचं काही नव्हतं, निदान चेहरा तसा ठेवला होता. हार्लनने पेन घेतलं. बावीस वर्षांत त्याने नियमाबाहेर एक ओळ लिहिली नव्हती. सुजलेल्या बोटांत पेन नीट मावेना. त्याने वहीत डार्लाचं पूर्ण नाव लिहिलं, मधल्या आद्याक्षरासकट, पुढे 'शंभर मैल' लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'नियम करणाऱ्याची प्रकृती ठीक नव्हती.' मग सही केली.

इर्मगार्डबाईंनी ते दोनदा वाचलं. "हा शेरा इतिवृत्तात घेता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि वही मिटून घेऊन गेल्या. पण खोडलं नाही.

डार्लाला ओफेलियाने जबरदस्तीने जेवायला पाठवलं. दुपार कलली. जत्रेतला पोल्का नाचाचा बाजा वाऱ्याबरोबर येत-जात होता. हार्लनच्या तोंडाला कोरड पडली होती. खरी, जीभ टाळूला चिकटणारी. मधल्या टेबलावर जग होता आणि जगाच्या अंगावर बाहेरून थेंब जमून खाली ओघळत होते. साडेपाच झाले. कोच छताकडे बघत पडले होते आणि जगाला त्यांनी हात लावला नव्हता.

"कोच," हार्लन म्हणाला, "प्या ना."

"बाहेर बघ."

खिडकीपलीकडे, व्हरांड्यात सात-आठ माणसं उभी होती. टकलं पडलेली, पोटं सुटलेली, हातात टोप्या. कोचची जुनी पोरं. आत यायची परवानगी नव्हती म्हणून काचेतून बघत होती.

"यांना मी पाणी दिलं नाही," कोच म्हणाले. "आता यांच्यासमोर पिऊ?"

हार्लनही त्यातलाच होता. ऑगस्टातलं ते मैदान त्याला आठवत होतं.

कोच म्हणाले, आवाज एकदम खाली, "मी प्यायचो. माहितीय तुला? सामानाच्या खोलीत. दर पंधरा मिनिटांनी आत जायचो, शिट्टी विसरलो म्हणून. पिऊन, ओठ पुसून यायचो."

"मग आम्हाला का नाही दिलंत?"

"माझ्या कोचने मला दिलं नव्हतं." त्यांनी जगाकडे पाहिलं. "तोही शिट्टी फार विसरायचा. आत्ता कळतंय."

बाहेर बाज्याने दुसरी चाल धरली. ओफेलियाचे बूट व्हरांड्यात वाजले आणि तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला; ती हेलिकॉप्टरचं विचारत होती. हार्लन खाटेवरून उठला. भिंत धरत तो खिडकीपाशी गेला, काचेपलीकडच्या जुन्या पोरांना मान हलवून नमस्कार केला आणि खिडकीवरचा पडदा ओढून घेतला. येताना जगातलं पाणी पेल्यात ओतून कोचच्या हाताशी ठेवलं. ते करताना जगाचा गारवा बोटांना लागला आणि ती तिथे थोडी रेंगाळली. पेला त्याने ठेवून दिला. परत खाटेवर येऊन तो आडवा झाला आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

भिंतीवर, नाकापासून वीतभर अंतरावर, आरोग्य खात्याचं पत्रक चिकटवलेलं होतं. निळ्या पेल्याचं मोठं चित्र, वरून धार पडतेय, आणि खाली ठळक अक्षरात: भरपूर पाणी प्या. तहानेची वाट पाहू नका.

मागे पेला उचलल्याचा आवाज झाला आणि थांबला.

"बघत नाहीयेस ना, कुबेना?"

"नाही, कोच," हार्लन म्हणाला. "मी वाचतोय."

मग घोट ऐकू आले. आधी एक, चोरून घेतल्यासारखा. मग मोठे, सलग, न थांबता.